बिनबुडाची कणगी

आक्का बाजाराला जायची ती बाजार उठताना. भोरचा आठवडी बाजार ऐन भरात असायचा तेव्हा ती घरी निवांत तांदूळ निवडत बसलेली असे. उन्हं कलली, माळणी आपापल्या पाट्या आवरायला लागल्या, की ही रिकामी पाटी काखेला मारून निघे. माणसांच्या आणि बैलांच्या पायांखाली आलेली कोबीची पानं, मुळ्याचा पाला, कोथिंबिरीच्या काड्या, सडकी वांगी, सगळं ती वाकून दोन्ही हातांनी भराभर गोळा करी.

एकदा एका माळणीला तिची दया आली. तिनं चार चांगली वांगी उचलून हिच्या पाटीत टाकली आणि म्हणाली, "अगं बाई, सडकं कशापायी खाती? हे ने घरी." आक्कानं ती वांगी घेतली, "तुझं भलं हुईल" म्हणाली आणि घरी येऊन मला सांगताना हसून हसून भिंतीला टेकली. "बाई, शेतकी खात्यातल्या साहेबाची बायको बाजारात भीक मागती म्हनून गावभर झालं आता!"

त्या वांग्यांची भाजी तिनं आमच्याकडेही पाठवली.

मी भोरला मुलींच्या शाळेत शिक्षिका म्हणून आले तेव्हा संस्थान विलीन होऊन तीन-चार वर्षं झाली असतील. बरोबर आई. नदीकडच्या अंगाला एका घराच्या मागच्या दोन खोल्या आम्हाला मिळाल्या. शेजारच्या दोन खोल्यांत आक्का आणि तिचे यजमान दौलतराव. दोघींची स्वयंपाकघरं एकाच परसात उघडायची. घरमालक पुढच्या भागात राहायचे आणि परसाकडे फिरकायचे नाहीत, त्यामुळे परस आक्काचं होतं. तिचं खरं नाव गुणाबाई, माहेर मार्गासनीचं. वय माझ्याहून सात-आठ वर्षांनी जास्त असेल. मी तिला आक्का म्हणायला लागले आणि ती मला बाई. माझं नाव तिनं कधी घेतलंच नाही.

दिसायला ती काटक, सावळी, कपाळाला मोठं कुंकू. पायात वहाण नाही. बोलणं चढ्या आवाजातलं, लांबून ऐकणाऱ्याला भांडण वाटावं असं. शेजारपाजारच्या बायकांकडून ती चहाचा चोथा मागून घ्यायची, न्हाव्याकडून केस आणायची, सुताराच्या दारातला भुसा आणायची. गल्लीतली पोरं तिला पालाआक्का म्हणायची. तिला ते आवडायचं. मुठीत माती घेऊन ती नाकाशी धरी आणि माझ्याही नाकाशी आणी. "घ्या वास. नासलं ते येगळं आन् कुजलं ते येगळं. नासलेल्याला घान येती. कुजलेल्याला पावसाचा वास येतो." मला फरक कळायला वर्ष लागलं.

परसात दोडका होता, घेवडा होता, मोरीच्या पाण्यावर अळू होतं, मिरच्या होत्या. पण एक गोष्ट माझ्या लक्षात आली होती. आक्का खणत नसे. वाफा करायचा तर ती बाहेरून माती आणून जमिनीच्या वर ओतायची, खुरप्यानं सारखी करायची. एकदा केळीचा कंद लावायचा होता. कुदळ माझ्या हातात देऊन म्हणाली, "तेवढं तुमी खांदा, बाई," आणि मी खणून माती सारीपर्यंत आत जाऊन चुलीशी बसली. मला वाटलं, कंबर दुखत असेल.

दौलतराव अगदी निराळे. उंच, थोडे पोक काढलेले, खाकी कोट, पांढरी टोपी, हळू आवाज. शेतकी शाळेत शिकले होते म्हणून बोलणं पुस्तकी. गावोगाव सायकलवर जायचं आणि उघडे उकिरडे मोडून लोकांना खताचे खड्डे करायला लावायचं, हे त्यांचं काम. खड्डा कमरेइतका खोल, तळाला काडीकचरा, त्यावर शेणकाला, त्यावर मातीचा थर. सारोळ्याच्या पुलापासून वेल्ह्याच्या डोंगरापर्यंत त्यांची सायकल जिथं म्हणून गेली, तिथं गावकुसाबाहेर एकतरी खड्डा झाला. लोक त्यांना 'खड्डेवाले रावसाहेब' म्हणायचे. ते नुसतं हसायचे.

नवराबायकोचं भांडण मी कधी ऐकलं नाही. तसं बोलणंही फारसं ऐकलं नाही. संध्याकाळी ते सायकल भिंतीला लावत, ती पाण्याचा तांब्या ठेवी. "आलात?" "आलो." एवढंच.

एके वर्षी उन्हाळ्याच्या तोंडाला त्यांच्या खात्यात हुकूम निघाला, की लोकांना सांगायच्या आधी प्रत्येकानं आपल्या घरी नमुन्याचा खड्डा करावा. पुण्याचे मोठे साहेब पावसाळ्यानंतर स्वतः येऊन बघणार. रविवारी सकाळी दौलतरावांनी परसाच्या कोपऱ्यात दोरी लावून चुन्याच्या फक्कीनं लांबट चौकोन आखला आणि कुदळ मागायला शेजारी गेले.

मी आमच्या दारात दात घासत उभी होते. आक्का शेणसड्याची बादली घेऊन बाहेर आली. तिनं तो पांढरा चौकोन पाहिला. मग ओंजळी भरभरून तिनं त्या चुन्यावर सडा घातला. एक रेघ, दुसरी रेघ, चारी रेघा. पुसट झालेलं राहिलं ते पायानं मोडलं.

दौलतराव कुदळ खांद्यावर घेऊन आले. त्यांनी ओल्या जमिनीकडे पाहिलं, मग तिच्याकडे. मला वाटलं, आता काहीतरी होणार. कुठल्याही घरात झालंच असतं. पण त्यांनी कुदळ भिंतीला टेकवली.

"मग कशात करायचं?" ते म्हणाले.

"करू कशात तरी. पर हितं खांदायचं न्हाई."

"बरं."

इतकंच. मला काही कळलं नाही, आणि विचारायची माझी छाती झाली नाही.

त्यानंतर आमच्या परसात जे काही सुरू झालं ते सगळा उन्हाळाभर चाललं. खत करायचं, पण खड्ड्याविना करायचं, तर कशात? दौलतरावांनी रस्त्याच्या कामावरून डांबराचं रिकामं पिंप आणलं. आक्कानं हौसेनं ते पाल्यानं भरलं. आठ-पंधरा दिवसांत आत हिरवं पाणी साचलं, अळ्या झाल्या आणि अशी दुर्गंधी सुटली की पुढच्या घरातून मालकांचा निरोप आला. "त्याला स्वास घेता येत न्हाई," आक्का म्हणाली. "लोखंडात कोंडल्यावर मानूस तरी जगंल का?" पिंप गेलं. मग वाण्याकडून चहाचं लाकडी खोकं आलं. वळवाचे दोन पाऊस झाले आणि आक्का ते उचलून सरकवायला गेली, तर खोकं तिच्या हातात आणि सगळा ऐवज तिच्या पायावर. मग विटांचा हौद करावा असं दौलतरावांना वाटलं. मालक म्हणाले, भाड्याच्या जागेत पक्कं बांधकाम नको.

दौलतराव रोज संध्याकाळी परसात उभे राहून विचार करायचे. दिवसभर लोकांना खड्डे खणायला लावून आलेला हा माणूस घरी येऊन बायकोसाठी खड्ड्याला पर्याय शोधत होता, आणि एकदाही म्हणत नव्हता, की एक खड्डा खणू दे आणि मोकळी हो.

कणगी सुचली ती आक्कालाच. तिच्या माहेरी एक जुनी बांबूची कणगी होती. भात ठेवून ठेवून तिचं बूड कुजलं तेव्हा आईनं ती परड्यात नेऊन टाकली, घरचा केरकचरा त्यात पडत राहिला, आणि पुढच्या वर्षी तिथं भोपळ्याचा वेल असा माजला की लोक बघायला यायचे. आक्का मला घेऊन बुरूडआळीला गेली. म्हातारा बुरूड दारात कांब्या सोलत बसला होता.

"मामा, कनगी पायजे. छातीएवढी. पर बूड ठिवायचं न्हाई."

"म्हंजी?"

"वरनं उघडी, खालनंबी उघडी. आन् वीण जरा इरळ ठिवा, वारं जाया पायजे."

म्हाताऱ्यानं कोयती खाली ठेवली. "त्याला कनगी म्हनत न्हाईत, बाई. दानं ऱ्हातील का त्यात?"

"दानं न्हाई ठिवायचं. पाला ठिवायचाय. कुजवाया."

"उकिरड्याला कनगी?" त्याचा आवाज चढला. "माझ्या हातची? आवं, लक्षुमी ठिवायची वस्तू ती. न्हाई जमायचं. दुसरीकडं बघा."

आक्का हलली नाही. त्याच्यासमोर मातीत बसली. "मामा, दानं कुठनं येतं?"

"शेतातनं."

"शेतात काय घालता?"

म्हाताऱ्यानं खाली ठेवलेली कोयती पुन्हा हातात घेतली.

"लक्षुमीला घर देता. मग लक्षुमीच्या आईला नगं का?"

तो बोळक्या तोंडानं हसला. "साहेबीन, तू लई वस्ताद हायेस. ये सोमवारी."

कणगी आली. आम्ही दोघींनी ती परसाच्या कोपऱ्यात उभी केली, तळाला तुऱ्हाट्यांचा थर दिला, वर बाजारातला पाला, राख, शेण. वेल्ह्यापलीकडच्या पासली गावात, वरच्या वाडीतली एक धनगराची म्हातारी आक्काच्या ओळखीची होती. तिच्या लेकाबरोबर मेंढरांच्या लेंड्यांचं एक पोतंही आलं. माझी आई ओट्यावर वाती वळत आमचं काम बघत होती. ती आपली सहज बोलून गेली, "एवढी यातायात! त्यापेक्षा एक खड्डा खणला असतात तर एका दिवसात झालं असतं गं, गुणा."

आक्काचा हात थांबला. तिनं हातातली लेंड्यांची ओंजळ कणगीत सोडली, हात पदराला पुसले आणि आमच्या पायरीवर येऊन बसली. दुपारची वेळ होती. परसात दुसरं कुणी नव्हतं.

"खड्डा नगं, आजी," ती म्हणाली. आवाज इतका हळू की आईनं वाती खाली ठेवल्या. "आमी पासलीला व्हतो तवा माझी पोर गेली. पावलं टाकाया लागली व्हती. ह्या चुलीपासनं त्या दारापतूर यायची आन् मटकन बसायची. आखाडात ताप भरला. दवाखाना वेल्ह्याला, आन् मधी वढा. वढ्याला कमरंच्या वर पानी. हे दोनदा जाऊन माघारी आलं. तिसऱ्या दिशी सकाळच्या पारी गेली."

आई ओट्यावरून उतरून तिच्याशेजारी पायरीवर बसली.

"बारकं ल्येकरू. त्येला जाळत न्हाईत, पुरत्यात. बायांनी जायचं नसतं. पर शेत दारासमूरच व्हतं, मला दिसत व्हतं. चौघं जन खांदत व्हती आन् खड्ड्यात पानी भरत व्हतं. घमेल्यानं उपसायची, परत भरायचं. उपसायची, परत भरायचं. हे घोंगडं पांघरून उभं, पोर पोटाशी. पाऊस काय थांबंना. मग कुनीतरी म्हनलं, आता थांबू नगा, आसंच ठिवा." तिनं आपले तळवे बघितले. "पान्यात ठिवली, बाई. रातभर तापानं पोळत व्हती, आन् गार पान्यात ठिवली."

मी विचारलं, "दौलतरावांशी बोललीस कधी?"

"न्हाई. तेबी न्हाई बोललं. पुढच्या वरसापासनं गावोगाव खड्डं खांदाया लागलं. इसरलं आसतील. इसरलेलंच बरं. न्हाईतर नोकरी कशी करतील?" ती उठली. "त्या चुन्याच्या रेघा बघितल्या. तेवढीच लांबी, तेवढीच रुंदी न्हवती. पर मला तेवढीच दिसली."

आणि ती परत कणगीकडे गेली. त्यांना पुढं मूल झालं नव्हतं, हे मला ठाऊक होतं. का, कसं, हे आम्ही विचारलं नाही.

पावसाळा संपला. कणगीतला पाला निम्म्यानं खाली बसला. आक्का तळाशी हात घालून काळीभोर माती काढी आणि वेलांच्या बुडाशी घाली. त्या वर्षी आमच्या दोडक्याची फुलं बघायला शेजारणी येत होत्या. तिची कळी खुलली होती.

मग साहेब आले. सकाळची वेळ, शाळेला सुट्टी होती. दाराशी जीप थांबली. साहेब वयस्कर, चष्मेवाले, थकलेले. बरोबर एक कारकून आणि खात्यातली दोन माणसं. दौलतरावांनी कोटाची सगळी बटणं लावली होती. आक्का आपल्या दाराआड उभी. मी माझ्या खिडकीत.

साहेबांनी कणगी पाहिली. वाकून तळातून मूठभर खत काढलं, चुरगाळलं, नाकाशी नेलं. "उत्तम," ते म्हणाले. "फारच उत्तम. हे कुणी केलं?"

"घरच्यांनी, साहेब."

"छान. आणि खड्डा कुठाय?"

"खड्डा नाही, साहेब."

साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. "दौलतराव, तुम्ही सगळ्या महालाला खड्डे करायला सांगता. लोक तुमच्या घराकडे बघतात. कणगी असू दे, कणगीला माझी ना नाही. पण शेजारी खड्डा हवा. जागा तर आहे. आठ दिवसांत करून घ्या."

"इथं होणार नाही, साहेब."

"का?"

मी खिडकीचा गज धरून उभी होते. मनात म्हटलं, सांगा. एका वाक्याचं काम आहे. हा माणूस वाईट दिसत नाही, सांगितलंत तर टोपी काढून उभा राहील. पण ते वाक्य त्यांच्या तोंडून निघालं नाही.

"घरात चालत नाही," ते शेवटी म्हणाले.

कारकून फिसकन हसला. साहेबांनाही हसू आलं. "म्हणजे घरात बायकोचं चालतं म्हणा की!"

बाकीचे दोघंही हसले. दौलतरावांचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. तरी त्यांनी मान खाली घातली नाही.

"हो साहेब," ते म्हणाले. "ह्या बाबतीत तिचंच चालतं. तिच्या दारात खड्डा होणार नाही. दुसरीकडे सांगाल तिथं, सांगाल तितके खणतो."

जीप गेली. दौलतराव सायकल काढून नेहमीसारखे कामाला निघून गेले. मी आक्काकडे गेले तर ती दाराआड खाली बसली होती, पदर तोंडात धरून.

"त्यांस्नी ठाव व्हतं, बाई," ती म्हणाली. "ते इसरलं न्हवतं. कदीच इसरलं न्हवतं. म्या आपली समजत व्हते, एकटी मीच हाय."

त्या संध्याकाळी सायकल भिंतीला लागली, तेव्हा पाण्याचा तांब्या घेऊन ती पायरी उतरून खाली आली होती. बोलणं मात्र तेवढंच. "आलात?" "आलो."

दोन-तीन महिन्यांनी बदलीचा हुकूम आला. साहेबांच्या त्या भेटीचा त्याच्याशी संबंध होता की नव्हता, मला सांगता येणार नाही. सरकारी नोकरीत बदल्या होतातच. पण ठिकाण नेमकं पासली होतं. दौलतरावांनी हुकूम वाचून दाखवला तेव्हा आक्का भाकरी थापत होती. तिनं ती भाकरी तव्यावर टाकली, उलटली, शेकली, आणि मगच म्हणाली, "जाऊ की. रानात काय मानसं ऱ्हात न्हाईत?"

निघायच्या आदल्या दिवशी तिनं कणगी उपसून सगळं खत पाट्यांनी वाटून टाकलं. ज्या ज्या घरून चोथा घेतला होता त्या त्या घरी एक पाटी. न्हाव्याला एक, सुताराला एक. आमच्या वाट्याला दोन. दुसऱ्या दिवशी एसटीच्या टपावर त्यांचं सामान चढलं. आक्का आईच्या पाया पडली, माझा हात धरला आणि काहीतरी बोलायला गेली, पण कंडक्टरनं घंटी मारली.

त्यानंतर दोन वर्षांनी दिवाळीच्या सुट्टीत मी पासलीला गेले. आईनं फराळाचा डबा बांधून दिला होता. भोरहून नसरापूर, तिथून मार्गासनीवरून वेल्ह्यापर्यंत खडखडत एसटी, आणि पुढं दौलतरावांनी पाठवलेली बैलगाडी. भाताची कापणी चालली होती. दोन्ही अंगांना डोंगर आणि मध्ये पिवळी खाचरं.

आक्काला मी आधी ओळखलंच नाही. ती दारात उभी होती, अंगानं निम्मी झालेली, गालफडं बसलेली. बोलताना मध्येच खोकत होती. घरामागं बरीच जागा होती, पण दोडका नाही, घेवडा नाही, काहीच लावलेलं नाही. दौलतराव चुलीपुढं बसून चहा करत होते.

"हिला बरं नसतं," ते म्हणाले. "औषध चालू आहे. पण रोज सकाळी उठून शेतांतून फिरते. मी नको म्हणत नाही."

ती जागा शोधत होती. शेत तेच होतं, पण ज्याचं होतं तो शेतकरी वारला होता. मुलांनी वाटण्या करून नवे बांध घातले होते. त्यातच एका पावसाळ्यात ओढा फुटून खालची दोन खाचरं वाहून गेली होती. आक्कानं सगळ्यांना विचारून पाहिलं होतं. त्या वेळच्या चौघांपैकी एक मुंबईला गिरणीत होता, एक वारला होता, उरलेले दोघं दोन वेगळ्या जागा दाखवत होते.

दुसऱ्या दिवशी मला परतायचं होतं. सकाळी आम्ही तिघं शेताकडे निघालो. वाटेत वरच्या वाडीची ती धनगराची म्हातारी भेटली, शेरडं घेऊन चाललेली. आक्काला बघून थांबली.

"आजून हुडकतीस का गं, लेकी?"

"व्हय."

म्हातारी काठीवर हनुवटी टेकून उभी राहिली. "ह्या वढ्यानं माझी शेरडं नेली, बांध नेला, दांडग्या दगडी नेल्या. तुझी पोर तेवढी जाग्यावर ठिवली आसंल का? कशाला जिवाचं हाल करती? कुठं तरी बस आन् रडून घे एकदा."

असं म्हणून ती शेरडांमागं निघून गेली. मला तिचा राग आला. आक्काला मात्र आला नाही. ती तिच्या पाठमोऱ्या आकृतीकडे बघत राहिली आणि मग हळूहळू कापलेल्या खाचरातून चालू लागली. बांधावर एके ठिकाणी थांबली. तिथं विशेष काही नव्हतं. थोडं गवत, एक करवंदीची जाळी.

"हितंच आसंल," ती म्हणाली. मग दौलतरावांकडे वळून, पहिल्यांदाच सरळ त्यांच्या डोळ्यांत बघून तिनं विचारलं, "हितंच ना वो?"

दौलतरावांनी इकडंतिकडं पाहिलं. घराच्या दाराकडे पाहिलं, ओढ्याकडे पाहिलं. पोर त्यांनी स्वतःच्या हातांनी ठेवली होती, त्यांना अंदाज असणारच. त्यांच्या चेहऱ्यावरून मला काही कळलं नाही, आणि ते बरंच झालं.

"व्हय," ते म्हणाले. इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून गावची बोली मी ऐकली नव्हती. "व्हय गं. हीच जागा. हितंच ठिवली आपन तिला."

आक्का खाली बसली.

गाडीवान वाटेवरून हाका मारत होता. वेल्ह्याची एसटी चुकली तर दुसरी नव्हती. मी दौलतरावांना खुणेनं सांगितलं, तिला हाक मारू नका, मी जाते. ते मान हलवून बरं म्हणाले.

तिला मी त्यानंतर पाहिलं नाही. पुढच्या पावसाळ्यात ती गेली. दौलतराव काही कामानं भोरला आले तेव्हा शाळेच्या दारात येऊन उभे राहिले आणि त्यांनी ते सांगितलं. त्या दिवशी ओढ्याला पूर नव्हता, डॉक्टर वेळेवर आले होते, पण उपयोग झाला नाही, असं म्हणाले. आईला घरी जाऊन काय सांगावं, ह्या विचारात मी दुपारचे तास कसे घेतले ते मला आठवत नाही.

पासलीच्या त्या सकाळचं मात्र सगळं आठवतं. बैलगाडी वळणावर आली तेव्हा मी मागं वळून पाहिलं होतं. खाचरात कापलेल्या भाताच्या पेंढ्या पडल्या होत्या आणि बांधावर ती दोघं बसली होती. दौलतरावांनी कोट काढून तिच्या खाली अंथरला होता आणि आपण ओल्या जमिनीवर बसले होते. आक्का बोलत होती. हात हलवत, चुलीपासून दारापर्यंत कुणीतरी कसं चालत यायचं ते दाखवावं तशी, थांबत, खोकत, पुन्हा बोलत. इतक्या लांबून शब्द ऐकू येत नव्हते. दौलतराव तिच्याकडे तोंड करून ऐकत होते. गाडी वळली तरी तिचं बोलणं संपलं नव्हतं.